शेवंता

शेवंताची शिंगं डोक्यावरून मागं वळून थेट खांद्यापलीकडं गेलेली. पंढरपुरी म्हशीची हीच खूण. शेजारणीला शिंग लागू नये म्हणून दावणीला तिची जागा कायम कडेची. आमचा गोठा भीमेकाठचा, पंढरपूर तालुक्यातला. दोन वेळचं मिळून सहा-सात लिटर दूध मुऱ्हा म्हशीपुढं कमीच. पण उन्हाचा कडाका सोसून, कडब्यावर भागवून शेवंता वेळेवर गाभण राहायची. लहान गोठ्याला असंच जनावर तारतं. भाकड म्हशीला वैरण तर लागतेच, डेअरीचं बिल मात्र थांबतं.

तिचा माज मुका. गाय माजावर आली की हंबरून गोठा डोक्यावर घेते. शेवंता त्या दिवशी थोडं दूध चोरायची, आंबोणाला नुसतं तोंड लावायची, वरचेवर मुतायची. आई पहाटे बॅटरी घेऊन गोठ्यात शिरली की शेणाला हात लावण्याआधी तिच्या शेपटीखाली बघायची. काचेसारखा चिकट सोट पहाटे दिसला तर संध्याकाळी डॉक्टर, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ हुकली की पुढचे 21 दिवस गेले. गाभण राहिली की हिशेब दहा महिने दहा दिवसांचा. त्यातले शेवटचे दोन महिने तिला आटवायची. दूध कितीही येत असलं तरी.

एका वेताला तिचं रेडकू दगावलं. म्हैस रेडकावर पान्हा सोडते. ते गेलं की दूध चढवून धरते. अशा वेळी इंजेक्शन टोचणारे गावात होते. आईनं ते इंजेक्शन दारात येऊ दिलं नाही. पुढ्यात सरकी पेंडीचं आंबोण ठेवून ती कोमट पाण्यानं कास धुवायची आणि सडांवरून तळहात फिरवत बसायची. जागा तीच, वेळ तीच, हात तेच. त्या वेळी गोठ्यात परका माणूस नको की कुत्रं नको. हळूहळू शेवंता आंबोणाच्या बादलीची कडी वाजली तरी पान्हावू लागली.

पहिल्या दोन धारा आई काळ्या फडक्यावर घ्यायची. दुधात गुठळी दिसली की दगडीची, म्हणजे कासदाहाची, सुरुवात समजायची. अंगठा मुडपून पिळलं तर सड आतून दुखावतं, म्हणून धार पूर्ण मुठीनंच. धार झाली की लगेच वैरण टाकायची. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं, तेवढा वेळ म्हैस शेणात बसता कामा नये. ऊसतोडीत वाडं फुकट मिळायचं, तरी नुसतं वाडं कधी घातलं नाही. त्यातलं ऑक्झॅलेट अंगातला चुना खातं, म्हणून बरोबर कडबा आणि खनिज मिश्रण असायचंच.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी सुटलं की दुपारी तिला नदीवर न्यायचो. म्हशीला घाम फारसा येत नाही, त्यात कातडी काळी. नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर ठेवून ती तासन्‌तास डुंबायची.

म्हातारपणी व्यापारी घरी फेऱ्या घालू लागले. वडिलांनी दावं सोडू दिलं नाही. शेवंता आमच्याच गोठ्यात गेली, तेव्हा तिच्या दोन लेकी दावणीला होत्या, दोन्ही गाभण. आमची शिक्षणं शेवंताच्या दुधावर झाली असं गाव म्हणतं, ते खरंच आहे. त्यात आईच्या पहाटेच्या फेऱ्याही धरायला हव्यात. जातिवंत म्हैस सांगोल्याच्या बाजारात पैसे मोजून मिळते. तिला वेळेवर फळवणारी, दुखणं आधीच ओळखणारी नजर घरातच तयार करावी लागते.