गल्ल्यातले तुझे किती?

चि. सुहास यास,


परवा ढेबेवाडी फाट्यावर उतरून तुझ्या वर्कशॉपात आलो, तर तू शेडच्या कामावर गेलेला. पोरगा चहा सांगायला पळाला. मी बसल्या बसल्या शटरची आतली बाजू वाचत होतो. खडूनं लिहिलेली नावं, आकडे, मध्येच खिडक्यांची मापं. दसऱ्याला शटर रंगवलं तेव्हा निम्मी उधारी रंगाखाली गेली, असं पोरानं हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

माझं सायकलचं दुकान तुला आठवत नसेल. मी उधारी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहायचो. वर्ष सरलं आणि तुझ्या मामीनं त्या पानांची पोरांच्या वह्यांना कव्हरं घातली. दोष तिचा नव्हता. दुकान बसलं, मग कऱ्हाडात एका अडत दुकानी दिवाणजींच्या हाताखाली कीर्द लिहायला लागलो. जमा डावीकडं, नावे उजवीकडं. शिल्लक जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. दुसऱ्याचा पैसा लिहिताना कळलं, की माझ्याकडं गिऱ्हाईक कमी नव्हतंच. गल्ल्यातलं सगळं मी माझंच समजत होतो.

तुझंच एखादं काम घे. ४०,०००चं ग्रिल, वर १८ टक्के जीएसटी. हातात ४७,२०० आले. त्या दिवशी तू राजा. पण अँगल-पाइपचे २४,००० आणि त्यावरचा कर ४,३२० व्यापाऱ्याला द्यायचाय. मजुरी ६,०००. रॉड, डिस्क, वीज धर २,०००. गोळा केलेल्या ७,२०० करातून भरलेला वजा जाता २,८८० सरकारचे. उरले ८,०००. भाडं आणि मशीनचा हप्ता यातूनच जायचा. मागच्या महिन्यात गाडीचे टायर घेतलेस, ते कुणाच्या पैशातून घेतलेस? तुला सांगता येणार नाही, कारण लिहिलेलंच नाही.

‘सीए बघतात’ म्हणतोस. सीए बिचारा तू नेऊन दिलेल्या पिशवीतल्या पावत्या बघतो. जी पावती पिशवीत नाही, ती त्याच्या लेखी झालीच नाही. हप्तेवाला दारात यायच्या आदल्या रात्री तो तुझ्या गल्ल्यात डोकावायला येणार नाही.

उधारीचं तर वेगळंच. धंद्यात नेमानं लिहिलेली वही कोर्ट विचारात घेतं. १८७२च्या साक्ष कायद्यात हे होतं, १ जुलै २०२४पासूनच्या नव्या कायद्यातही आहे, आणि मोबाइलवर लिहिलेलंही चालतं. मात्र नुसत्या वहीवर कुणाच्या अंगावर देणं बसत नाही. म्हणून माल पोचल्याची सही घेतलेलं चलन जपायचं. अशा पैशासाठी दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तुझ्या शटरचा रंग तेवढाही टिकत नाही.

हिशेब लिहिणारा माणूस कंजूष, असं तुला वाटतं. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळे सांगतात. पण बुडवण्याआधी धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला, ही गोष्ट पुष्कळजण सांगायची विसरतात. सोडून द्यायलासुद्धा आपलं किती, हे ठाऊक असावं लागतं. तू पाहुण्यारावळ्यांना ग्रिल फुकट करून देतोस, जरूर दे. फक्त कितीचं दिलंस ते लिही.

आणि तू तर मलकापूरचा! तुमच्या गावानं घरोघर मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. मीटर फिरायला लागला, की गळका नळ मालकालाच आधी दिसतो. तुझ्या धंद्याला मीटर नाही, एवढंच.

नव्या वहीसाठी दिवाळीच्या पाडव्याची वाट बघत बसू नकोस. दोनशे पानांची साधी वही या पत्रासोबत पाठवतोय. पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक तूच मोजून लिही, पोराला सांगू नकोस. रविवारी येतो. चहा नंतर, आधी ते पान बघणार आहे.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा