न विचारता गाळलेले नाव

थळला असताना दापोलीच्या मुक्कामी प्रशिक्षणासाठी सहायकांची नावे मी पाठवली. एका बाईंचे नाव गाळले. मूल लहान, त्यांना जमायचे नाही, असे मीच ठरवले. त्या एवढेच म्हणाल्या, “साहेब, मला विचारलेत का?” मी खजील झालो. ज्यांची नावे धाडली, त्यांतल्या दोघांचीही मुले लहानच होती!

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत लघुलेखक स्त्रियांना पुरुषांहून कमी पगार मिळे. ऑड्री डिकॉस्टा यांनी दाद मागितली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या. तिथला भेद पगारपत्रकात दिसला. माझा काळजीच्या पांघरुणाखाली होता.

खूण साधी आहे : हाच नियम पुरुषाला लावला असता का? लावणीची मजुरी चुकती करताना आपणही हे मनाला विचारू या.