कोवलमचा चिखल



चेन्नईला पोस्टिंग आली तेव्हा गावाकडून मरीना बीचच्या फोटोंची मागणी झाली. मी पाठवतो ते चिखलाचे फोटो.

मार्च लागला आणि रविवार मोकळा मिळाला की मी कॅमेरा घेऊन कोवलम गाठतो. मामल्लपुरमला जाणाऱ्या ईसीआर रस्त्यावरचं हे कोळ्यांचं गाव. २०२१ मध्ये इथल्या किनाऱ्याला ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला, त्यामुळे गर्दी समुद्राकडे. माझी जागा गावाच्या मागे, केळंबाक्कमकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या खाडीवर.

आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो, इथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. तेव्हा खाडी तुडुंब असते. चैत्राच्या आसपास पाणी ओसरतं आणि घोटाभर पाण्यात चिखल उघडा पडतो. त्यात अळ्या, किडे, बारीक जीव. म्हणजे पक्ष्यांचा लंगरच सुरू होतो. शेकाट्या लांब लाल पायांवर फिरतो, चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात घालून उभा राहतो, रोहित मान वाकवून, चोच उलटी धरून पाणी गाळत असतो. आमच्या खटाव तालुक्यात मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर रोहित यायचे. त्यामुळे इथे पहिल्यांदा ते दिसले तेव्हा गाववाला भेटल्यासारखं वाटलं.

पण माझा जीव अडकतो तो टिलव्यात. चिमणीएवढा पक्षी, वजन पंचवीस-तीस ग्रॅमच्या आसपास. हिवाळ्यात करडा असतो, वसंतात अंगावर तांबूस रंग चढायला लागतो. हा रंग म्हणजे त्याची मूव्हमेंट ऑर्डर. त्याला अंडी घालायला उत्तर ध्रुवाजवळच्या सायबेरियात जायचंय. निघण्यापूर्वी असे पक्षी अंगात चरबी साठवतात. काही जातींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. लांबच्या उड्डाणाचं रेशन तेच.

म्हणून या दिवसांत फोटो काढणाऱ्याने अंतर राखायला हवं. थवा एकदा उठवला की त्याचं खाणं थांबतं, वर उडण्यात साठवलेली चरबी जळते. दिवसात पाच-सहा जणांनी असं केलं, तर लंगर समोर असून जवान उपाशी.

फौजेत शिकलेलं इथे कामाला येतं. सूर्य पाठीशी घ्यायचा. बांधावर उभं राहायचं नाही, आकाशावर आकृती उमटते. खाली बसायचं आणि हालचाल बंद. वीस मिनिटांत पक्षी स्वतःच जवळ सरकतात. खाणाऱ्या पक्ष्याने मान वर करून आपल्याकडे पाहिलं, की ती आपली हद्द. त्यापुढे पाऊल नाही.

एकदा युनिटमधला जतचा पोरगा सोबत आला होता. समोर शंभरेक रोहित. तो हळूच म्हणाला, “दादा, एक दगड टाकू का पाण्यात? उडाले की पंखातला लाल रंग दिसेल.”

मी विचारलं, “रूट मार्चच्या आदल्या रात्री तुझं ताट कुणी ओढलं तर?”

तो हसला, पण दगड खाली ठेवला. आम्ही दोन तास बसलो. रोहित काही उडाले नाहीत. माझी लेक गेले दोन महिने उडणाऱ्या रोहितचा फोटो मागतेय. त्या दिवशीही तिला मिळाल्या फक्त पाण्यात बुडालेल्या माना. फोनवर तिने विचारलं, “बाबा, यांना डोकी नाहीत का?” मी म्हटलं, “जेवतायत गं.”

माझी लेन्स तीनशे एमएमची, सेकंडहँड. टिलवा फोटोत शेंगदाण्याएवढा येतो. तरी ते फोटो मी जपून ठेवतो, तारखेसह. मार्चच्या फोटोंत करडे जास्त. एप्रिलमध्ये तांबूस वाढतात आणि थवा लहान होत जातो. मे महिन्यात बहुतेक चिखल रिकामा असतो. मात्र अशा पक्ष्यांतले काही, बहुतेक पहिल्या वर्षाचे, उत्तरेला जातच नाहीत. अजून वय नसतं, ताकद नसते; ते इथेच उन्हाळा काढतात.

यंदा माझीही सुट्टी जूनपर्यंत नाही. तोवर मागे राहिलेल्यांची हजेरी घेईन.

जय हिंद.