धमकीची नोंद

सरकारी कार्यालयात कोणावर हात उचलला गेला की पुढे काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. काळ्या फिती, कामबंद, गेटसमोर घोषणा, मंत्र्यांना निवेदन आणि 'कठोर कारवाई'चं आश्वासन. आठवडाभरात टेबलं पुन्हा भरतात. मी सरकारी आणि पालिका कर्मचाऱ्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण देते. मला घटनेनंतरच्या आठवड्यापेक्षा आधीचा महिना महत्त्वाचा वाटतो. तो माणूस त्या महिन्यात किती खेपा घालून गेला, कोणाशी काय बोलला, त्याचा अर्ज कोणाच्या टेबलावर पडून होता? बहुतेक ठिकाणी हे शिपायाला नीट ठाऊक असतं. कागदावर मात्र काहीही नसतं.

"मॅडम, असं तर रोजच होतं," असं खिडकीवरच्या बाई सांगतात. 'बघून घेईन', 'बदलीच करून टाकतो', 'बाहेर भेट' हे सगळं रोजचंच, आणि त्यातले बहुतेक जण घरी जाऊन शांतही होतात. म्हणून तर नेमका धोका कुठे आहे हे ओळखायला शिकावं लागतं. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने १९४९ ते १९९६ या काळात नामवंत व्यक्तींवर हल्ला केलेल्या किंवा त्या तयारीने जवळ पोहोचलेल्या ८३ जणांचा अभ्यास केला. त्यांतल्या दहा टक्क्यांहूनही कमी जणांनी आधी थेट धमकी दिली होती. आपली कार्यालयं निराळी आहेत, पण धमकी देणारा आणि धोकादायक असणारा माणूस एकच असेल असं नाही, हे इथेही खरं आहे. साहेब किती वाजता निघतात, गाडी कुठे लावतात हे विचारणारा, काम नसताना बाकड्यावर येऊन बसणारा, महिनोन्‌महिने भांडून एकाएकी गप्प झालेला, बोलता बोलता तुमच्या मुलीच्या शाळेचं नाव घेणारा, अशांकडे लक्ष हवं.

त्यासाठी प्रत्येक कार्यालयात एक साधी वही असावी. तारीख, वेळ, शेजारी कोण होतं, कोणतं प्रकरण अडलं आहे आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. 'अर्वाच्य भाषा वापरली' एवढं लिहून भागत नाही, कारण पोलिसांना आणि कोर्टाला नेमके शब्द लागतात. वही कार्यालयप्रमुखाने दर आठवड्याला वाचावी. एकच नाव तिसऱ्यांदा दिसलं, तर त्या माणसाची फाइल मागवावी.

फाइल मागवा, असं मी मुद्दाम म्हणते. जिल्हाधिकारी कार्यालयात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी आत्मदहनाच्या इशाऱ्यांची निवेदनं येतात. त्यांचं काय होतं? पोलीस ठाण्याकडे 'उचित कार्यवाहीस्तव' रवानगी. त्या दिवशी गेटवर बंदोबस्त लागतो, रॉकेलची बाटली हिसकावून घेतली जाते, माणसाला दिवसभर ठाण्यात बसवतात आणि संध्याकाळी सोडतात. त्याची मोजणी, त्याचा मोबदला, त्याचं अतिक्रमणाचं प्रकरण होतं तिथेच राहतं. हा इशारा कायदा-सुव्यवस्थेचा आहे तितकाच प्रलंबित कामाचाही आहे. माझ्या मते पंधरवडाभर आधी त्याला बोलावून समोर बसवावं. काम होणार असेल तर तारीख लिहून द्यावी, होणार नसेल तर कारण आणि अपील कुठे करायचं तेही लेखी द्यावं. नकाराने माणूस चिडतो हे खरं, पण 'पुढच्या आठवड्यात या' हे पुन्हा पुन्हा ऐकून तो अधिक पेटतो.

कार्यालयात शिरताना आधी काय दिसतं, तेही पाहावं. कित्येक ठिकाणी पहिली पाटी असते ती शासकीय कामात अडथळा आणल्यास होणाऱ्या शिक्षेची. त्यावर अजून कलम ३५३ आहे. राज्याने त्या कलमाची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या कलम १३२ मध्ये ती पुन्हा दोन वर्षे झाली. कलम हवंच, पण ते मारहाणीनंतर उपयोगी पडतं. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कोणती सेवा किती दिवसांत आणि कोण देणार, अपील कोणाकडे, याची पाटी लावायची असते. ती दारात, मोठ्या अक्षरात असावी, आणि तिच्यावरची मुदत पाळली जावी.

खोलीची मांडणी ही तर बिनखर्चाची गोष्ट. साहेबांची खुर्ची भिंतीला टेकलेली, पुढे टेबल आणि अभ्यागत दाराच्या बाजूला. भडकलेला माणूस उठून उभा राहिला की साहेबांना बाहेर पडायला वाटच उरत नाही. टेबल काटकोनात फिरवलं की दार दोघांनाही मोकळं होतं. पेपरवेट, पंच, कात्री खणात जावी.

कार्यालयाबाहेरचं काम याहून कठीण. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळीच्या टोळीने जिवंत जाळलं. ३० ऑगस्ट २०२१ रोजी ठाण्यात कासारवडवलीला फेरीवाल्यांवरच्या कारवाईत सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे यांच्यावर चाकूने वार झाले. त्यांची बोटं तुटली, त्यांच्या अंगरक्षकाचंही बोट तुटलं. अंगरक्षक शेजारी असूनही हे झालं, हे विसरता कामा नये. माल जप्त होतो त्या क्षणी कोण कुठे उभं राहणार, गर्दीकडे तोंड कोणाचं, गाडी कुठल्या दिशेला तोंड करून उभी, कोणत्या खुणेवर सगळ्यांनी मागे फिरायचं, हे निघण्यापूर्वी ठरलेलं असावं. अधिकाऱ्याला वाटेत अचानक काही गैर दिसलं, तर एकट्याने खाली न उतरता आधी फोन करायचा आणि थांबायचं. हा नियम लेखी असावा, म्हणजे थांबणाऱ्याला कोणी भित्रा म्हणणार नाही.

धमकी आलेल्या कर्मचाऱ्याची 'तिच्याच सोयीसाठी' बदली करणं ताबडतोब बंद व्हायला हवं. धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं, आणि नव्या बाई त्याच खुर्चीत बसतात. तिला तिथेच ठेवून पाठीशी उभं राहावं. काही दिवस त्या माणसाचं प्रकरण वरिष्ठांनी स्वतः हाताळावं, ती निघताना सोबत कोणीतरी द्यावं आणि फिर्याद कार्यालयप्रमुखाने कार्यालयाच्या वतीने द्यावी. जबाबात तिचा पत्ता कार्यालयाचा असावा, घराचा नव्हे.