सर्व्हरला वही, दादाला सुटी!

‘सर्व्हर’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हिंजवडीतली काचेची बिल्डिंग, गळ्यात आयकार्ड, हातात कॉफीचा मग? मग एकदा जालना एमआयडीसीत चक्कर माराच! भंगाराचे डोंगर, भट्ट्यांची धग, सळयांनी लादलेले ट्रक... आणि या सगळ्या धुरळ्यात एक एसी लावलेली छोटीशी खोली. आत डझनभर सर्व्हर गुणगुणत बसलेले.

जालना ओळखलं जातं ते बियाणं आणि स्टीलसाठी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच ‘महिको’ सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. स्टीलचा फंडा त्याहून रांगडा. भंगार वितळवायचं, बिलेट ओतायचे, त्यांच्या सळया काढायच्या. पण आज सळईचा ट्रक गेटबाहेर पडायचा तर आधी कम्प्युटर हलावा लागतो. वजनकाटा, बिल, ई-वे बिल, गेटपास, सगळं सर्व्हरवर. सर्व्हर बसला की ट्रकही बसले!

माझा मामेभाऊ अशाच एका रोलिंग मिलमध्ये सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. कोणत्या मशिनवर कोणतं सेटिंग, कोणता पासवर्ड कधी बदलला, हे सगळं दादाच्या डोक्यात. उरलेलं एका लाल वहीत, त्याच्याच अक्षरात, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता न येणारं. परिणाम? माझ्या ताईच्या लग्नात कानपिळीसाठी भाऊ शोधतोय, तर साहेब मांडवामागे लॅपटॉप उघडून बसलेले! सलग चार दिवस सुटी म्हणजे त्याच्यासाठी स्वित्झर्लंडची ट्रिप.

मग दोन वर्षांपूर्वी दादाने ‘अ‍ॅन्सिबल’ शिकायला घेतलं. सर्व्हरची कामं आपोआप करणारं हे सॉफ्टवेअर मायकल डीहान याने २०१२ मध्ये आणलं आणि २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीने विकत घेतलं. तशी ही आयडिया जुनीच. मार्क बर्जेस याचं ‘सीएफइंजिन’ १९९३ चं, ‘पपेट’ २००५ चं.

आता हे नेमकं करतं काय? चहाचं उदाहरण घ्या. ‘दोन चमचे साखर टाक’ ही ऑर्डर चुकून दहा वेळा गेली, तर चहाचा पाक होईल. पण ‘चहात दोन चमचे साखर असावी’ असं सांगितलं, तर दहा वेळा सांगा, साखर दोनच चमचे! ही टूल्स अशी दुसऱ्या पद्धतीने चालतात. सर्व्हर कसा असावा, हे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं. जिथे फरक दिसेल तेवढंच ते दुरुस्त करणार. थोडक्यात, दादाची लाल वही आता सर्व्हर स्वतःच वाचतो.

आणि हाताने केलेलं काम किती महागात पडू शकतं? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलला विचारा. २०१२ मध्ये या शेअर ट्रेडिंग कंपनीने ८ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम टाकायचा ठरवला. ७ वर पडला, एकावर राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरमुळे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. सॉलिड झटका!

पण थांबा, ऑटोमेशन म्हणजे जादूची कांडी नाही. फाइलमध्ये चूक असेल, तर ती एका झटक्यात सगळ्या मशिनवर जाणार. म्हणून मला या टूल्समधली सगळ्यात कूल गोष्ट वाटते ती वेग नाही, तर थांबून विचारणं! अ‍ॅन्सिबलमध्ये ‘चेक मोड’ आहे, टेराफॉर्ममध्ये ‘प्लॅन’. काय बदलणार ते आधी दाखवतात, मशिनला हात लावत नाहीत. टेराफॉर्मने २०२३ मध्ये आपण लिहिलेलं तपासायची खास सोयही दिली. दादाला हे पटवून द्यावं लागलं नाही. “अगं, भट्टीवर आम्ही हेच तर करायलो,” तो म्हणाला. “ओतायच्या आधी सँपल लॅबमध्ये. रिपोर्ट आल्याशिवाय ओतणं नाही!”

या सोयींची गरज आता वाढली आहे. कारण २०२३ मध्येच अ‍ॅन्सिबलमध्ये दोन नव्या गोष्टी आल्या. एक, घटना घडताच स्वतःहून कामाला लागायची सोय. डिस्क भरत आली की रात्री दोनला दादाचा फोन वाजण्याऐवजी ठरलेला नियम चालतो. दुसरी, साध्या इंग्रजीत सांगितलं की कामाची फाइल लिहून देणारा एआय. लिहिणं सोपं झालं की तपासणं जास्त महत्त्वाचं, नाही का?

आणखी एक टेन्शन म्हणजे टूल दुसऱ्याच्या मालकीचं. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचं लायसन्स बदललं, तेव्हा नाराज मंडळींनी त्याच कोडवरून ‘ओपनटोफू’ हा वेगळा, खुला प्रकल्प काढला. म्हणजे टूल निवडताना फीचर्सइतकंच लायसन्सही वाचायचं!

आता लाखमोलाचा प्रश्न. डोक्यातलं सगळं फाइलमध्ये उतरलं, तर उद्या मालक दादाला घरी बसवणार नाही कशावरून? मी हे विचारलं तेव्हा मामी पोळ्या लाटत होती, तिचा हात थांबला. नोकरी करणारा घरात तो एकटाच आहे.

दादा शांत होता. “भीती मलाही होतीच. पण मी काय म्हणायलो, ज्याच्यावाचून एक दिवस चालत नाही, त्याला कुणी त्या खुर्चीवरून हलू देत नाही. ना गावाला, ना वरच्या पोस्टला.”

यात शंभर टक्के गॅरंटी नाहीच. मालक फाइल ठेवेल आणि माणूस काढेल, असंही होऊ शकतं. पण ती फाइल लिहायची कशी आणि तिला ‘थांब’ कधी म्हणायचं, हे कळायला भट्टी, काटा आणि गेट ओळखणारा माणूसच लागतो. सध्या दादा एका ज्युनिअर मुलाला ते शिकवतोय.

तुमच्या ऑफिसातही असा एखादा ‘दादा’ असेलच. तुम्हीच असाल कदाचित! मग आजच वही उघडा आणि डोक्यातलं लिहायला घ्या. नंतर सुटीचा अर्ज. याच क्रमाने हं!