शिंपल्यांच्या खिडक्या

आमच्या नाशकात नारोशंकराच्या देवळावर मोठी घंटा आहे. तिच्यावर 1721 साल कोरलेलं. ती वसईच्या लुटीतली, हे लहानपणापासून ठाऊक होतं. गेल्या वर्षी जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चची दर्शनी भिंत पाहत असताना शेजारचे एक आजोबा म्हणाले, "हा काळा दगड वसईचा हं! आमच्याकडे सगळा जांभा." घंटा नाशकात, दगड गोव्यात, मग वसईत उरलं काय?

तेच बघायला वसईच्या किल्ल्यात जायचं ठरवलं. आदल्या रात्री भाईंदरच्या लॉजवर झोप लागली नाही. खोलीची एकुलती खिडकी प्लायवूड ठोकून बंद केलेली. सकाळी रो-रोत बसलो, तेव्हा कुठे वारा लागला. 2024 पासून ही बोट सुरू आहे, आणि वसईला जावं तर असं पाण्यावरूनच.

चर्चचे अवशेष, चिमाजी अप्पांचं स्मारक भराभर मागे टाकलं. मला बालेकिल्ल्यात जायचं होतं. 1534 च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांनी खाडीच्या तोंडाशी आधी हा लहान कोट उभारला. पुढे त्याच्याभोवती दहा बुरुजांचं अख्खं शहर वसलं. तोफा त्या नव्या बुरुजांवर गेल्या आणि आतल्या जुन्या कोटात कप्तानाचं घर नांदू लागलं. दरवाजावरचं राजचिन्ह अजून दिसतं. त्याखालून आत गेलं की छप्पर नाही. फक्त भिंती आणि रिकाम्या चौकटी.

1675 च्या सुमारास जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर इथे आला होता. शहरातल्या घरांना झाकलेले सज्जे आणि उंच खिडक्या होत्या, काचांऐवजी कालवांच्या शिंपल्या बसवलेल्या, असं त्याने लिहून ठेवलंय. त्या दुधी उजेडात इथला जिना कसा दिसत असेल, याच विचारात मी उभा होतो.

"घर कसलं बघताय? सुरुंग कुठे लागले ते बघा!" इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक स्थानिक गुरुजी सोबत होते. त्यांच्या लेखी वसई म्हणजे मे 1739, चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून किल्ला घेतला तो महिना. मी म्हटलं, "गुरुजी, दोनशे वर्षं माणसं इथे राहिली, जेवली, झोपली. तो इतिहास नाही?"

"कोण झोपली?" ते थांबले. "त्याच फ्रायरने पुढे काय लिहिलंय? ख्रिस्ती सोडून तटाच्या आत कुणाला वस्ती नाही. रात्र पडली की वाण्यांनी तटाबाहेर जायचं."

हे मीही वाचलं होतं. खिडक्यांच्या नादात सोडून दिलं होतं. समोरच्या भिंतीकडे पुन्हा पाहिलं. काळे चिरे सांध्याला सांधा जुळवून बसवलेले. ते घडवणारे पाथरवट संध्याकाळी कुठल्या दरवाजाने बाहेर पडत असतील?

बंदर दरवाजा, कोळीवाडा, काहीच पाहायचं सुचेना. तिथेच चिऱ्यावर बसून राहिलो. गुरुजीही बसले. ऊन भिंतीवरून चढत वरच्या चौकटीपर्यंत गेलं.

"बोट चुकली तुमची," गुरुजी म्हणाले. "आता आमच्याकडेच चला जेवायला. सुरुंगांचं राहिलंय अजून."