मोडक्या बोलींचें धन

एका विद्यार्थ्यानें निबंधांत घरचा बोलीशब्द लिहिला, त्यावर आम्हीं 'मोडकी भाषा' असा तांबडा शेरा मारला. त्याच रात्रीं मिश्रभाषांविषयींचा एक ग्रंथ वाचीत असतां तो शेरा आम्हांसच बोचूं लागला.

इ. स. १९०४ च्या सुमारास ब्रिटिशांच्या पदरचे सुदानी शिपाई नैरोबीजवळील रानांत वसले. त्यांच्या मायबोली निरनिराळ्या. फौजेंत एकमेकांशीं बोलतां बोलतां अरबी शब्दांतून त्यांची नुबी भाषा घडली होती. तींत 'किब्रा' म्हणजे रान. पुढें रान गेलें, दाट वस्ती झाली. परंतु 'किबेरा' हें नांव त्या रानाची साक्ष देतें. सुदानी अरबींतील 'गाइद', म्हणजे बसलेला, हा शब्द झिजून नुबींत 'गि' झाला व चालू क्रिया दाखवूं लागला. आपणही 'रडत बसला' असें म्हणतोंच ना?

तिकडे इंडोनेशियांतील अंबोन बेटावरील मलय बोलींत 'किता' म्हणजे आपण व 'ओरांग' म्हणजे माणूस, हे दोन मिळून 'कातोंग' झालें. अर्थ, 'आपण लोक'.

जिला आपण मोडतोड म्हणतों, ती कित्येकदां नवी बांधणीच असते. दुसरे दिवशीं ती वही मागवून आम्हीं आपला शेरा स्वहस्तें खोडला.